तेलआत्या आणि भिंगरीचा मागचा पाय

तेलआत्याला राग यायला कारण लागत नसे, निमित्त पुरे. पण त्या सकाळी कारणच चालत तिच्या दारात आलं, मान खाली घालून आणि बगलेत अर्धा भरलेला डबा मारून. घोडेस्वारीच्या शाळेतला मोतद्दार होता तो. घोड्यांना खरारा करणं, दाणापाणी बघणं, लीद काढणं ही त्याची रोजची कामं. आत्याकडून खुरांना लावायचं तेल नेणं हे त्यातलं सगळ्यात आवडतं, कारण इथे चहा मिळे आणि चहाबरोबर गावभरच्या लोकांची उणीदुणी.

"आत्या, हा डबा परत घ्यायला सांगितलाय."

"कोणी?"

"नालबंददादांनी."

नालबंददादा म्हणजे आत्याचा सख्खा धाकटा भाऊ. घोड्यांचे खूर कापून नाल ठोकणारा, बापाचा धंदा पुढे चालवणारा. तेल बापाचं, बहीण करणार, भाऊ नाल ठोकणार, असं या घरचं सगळं सुरळीत चाललेलं होतं.

"परत का? खराब निघालं?"

मोतद्दाराने दाराच्या चौकटीशी बोलल्यासारखं उत्तर दिलं. "भिंगरी लंगडतेय. दादा आले, पाय बघितला आणि साबण मागितला. चारी खूर घासून धुतले, अंगणात, सगळ्यांच्या देखत. म्हणाले, पुन्हा या घोडीला ते काळं थापलंस तर तुझ्याच तोंडाला फासेन."

आत्याच्या हातातली पळी पातेल्यात पडली. शेगडीवर नेमकं तेच काळं शिजत होतं.

आता हे तेल म्हणजे काय, ते सांगायला हवं. जवसाचं तेल, मधमाश्यांचं मेण, थोडं डांबर आणि काजळी. मेण आधी वितळवायचं, तेल धारेने सोडायचं, डांबर शेवटी. घाई केली की गुठळ्या होतात आणि उशीर केला की घरभर धूर. आत्या थेंबभर तेल थंड बशीवर टाकून बोटाने ओढायची, आणि त्या रेघेवरून तिला कळायचं की झालं की नाही. तिच्या पडद्यांना, उशांना, पाहुण्यांच्या कपड्यांना त्याचा वास होता. एक चुलत जाऊ मुक्कामाला आली की दुसऱ्या दिवशी तिचं डोकं हमखास दुखायला लागे. आत्याला ते सोयीचंच होतं.

बापाने हे तिला शिकवलं तेव्हा ती शाळेत होती. भावाला बापाने पागेत नेलं, हिला शेगडीशी बसवलं. "घोडा लाथ मारतो, पोरीचं काम नाही ते," एवढं सांगून तो विषय संपला होता. पण संध्याकाळी घरी आला की तो तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणे, "पोरी, तुझ्या तेलावर चालतात बरं गावातले घोडे." या एका वाक्यावर ती बाई आयुष्यभर ताठ चालली. नवरा लवकर गेला, ती माहेरी परतली, लोकांनी हळहळायला तोंड उघडलं की ही म्हणे, "मला रडायला वेळ नाही, घोडे खोळंबलेत."

बोलणं खोटं नव्हतं. घोडागाडीवाले, शर्यतीवाले, हौशी श्रीमंत, सगळे तिच्या दारात येत. स्वारीच्या शाळेच्या मालकीणबाईंना तर घोड्यांचे खूर रोज आरशासारखे हवे असत, कारण कुंपणापलीकडे मुलांचे आईबाप उभे असतात आणि त्यांना तेवढंच कळतं.

नाही म्हणायला एका माणसाने यावर बोट ठेवलं होतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई एकदा चहाला आल्या होत्या. डबा उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "चमक छान येते याने." बस्स. बाकीचे सगळे म्हणत, खूर मजबूत होतात, भेगा भरतात, घोडा पळायला लागतो. आणि ही शिकलेली बाई म्हणते, चमक! आत्याने त्या दिवसापासून तिला चहात साखर घालणं बंद केलं होतं.

तिने शेगडी विझवली. परत आलेला डबा मोतद्दाराच्या हातून हिसकावून घेतला. "चल."

"कुठं?"

"तुझ्या दादाच्या तोंडाला काय फासायचं ते बघायला."

रस्ताभर ती बोलत होती आणि मोतद्दार चार पावलं मागे राहून हूं हूं करत होता. सायकलवाल्याने दुकानातून हाक मारली, "काय आत्या, आज स्वारीवर?" तर त्यालाही प्रसाद मिळाला. "तू आपली पंक्चरं काढ. हवा गेलेल्या माणसांनी बोलू नये." तिच्या मनात वाक्यं तयार होती. ज्या तेलाने तुला वाढवलं. ज्या तेलाने तुझ्या पोराच्या शाळेची दप्तरं आली. बाप असता तर. हे शेवटचं ती खास राखून ठेवत होती, जोरात मारायला.

पागेच्या फाटकाची बिजागरी नेहमीसारखी किंचाळली. आत लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना घोड्यांचे कप्पे, मधल्या सिमेंटच्या वाटेवर नळाच्या पाण्याचे ओघळ. रोज सकाळी घोडे इथे धुतले जात आणि ओल्या पायांवरच तेल चढे. अंगणात तांबूस रंगाची भिंगरी उभी होती. नावाप्रमाणे गरगर फिरणारी, लहान मुलांची लाडकी घोडी. आज मात्र डावा मागचा पाय टेकवायलाही तयार नव्हती. भाऊ तो पाय मांडीवर घेऊन वाकलेला, कमरेला चामड्याचा फडका. शेजारच्या बादलीत काळा फेस. डॉक्टरीणबाई कप्प्याच्या लाकडाला टेकून हातमोजे काढत होत्या.

"या," भाऊ मान वर न करता म्हणाला. "मला वाटलंच होतं, डबा पोचला की तू येशील."

"माझं तेल धुतलंस? भर अंगणात? नोकरमाणसांसमोर?"

"ताई, हळू बोल. घोडी बुजेल."

"घोडी बुजेल! बहिणीची अब्रू अंगणात साबण लावून घासलीस ती चालली, आणि घोडी बुजेल! बाबा असते तर..."

"बाबा असते तर मला चपलेने मारलं असतं," भाऊ म्हणाला, "आणि बरोबर केलं असतं. इकडे ये. वास घे."

"मी कशाला वास घेऊ?"

"घे म्हणतो ना."

"मेल्या, मी घोड्याच्या पायाचा वास घ्यायला आलेय का इथे?"

"जन्मभर त्या पायाला लावायचं तेल केलंस. एकदा पाय बघ तरी."

हे त्याने ओरडून म्हटलं नाही, म्हणूनच ते आत्याला जास्त झोंबलं. ती तरातरा पुढे गेली आणि वाकली. आणि खरं सांगायचं तर तिला क्षणभर काही कळेना, कारण तिने घोड्याचा खूर खालून कधी पाहिलाच नव्हता. वरून पाहिला होता, काळा, गुळगुळीत, तिच्या हातचा. खालून तो म्हणजे एक वेगळाच प्रकार होता. कडेला कठीण भिंत, आत तळवा आणि मधोमध मऊ रबरासारखी तिकोनी गादी. त्या गादीच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत भावाने सुरीचं टोक घातलं आणि काळसर, चिकट काहीतरी ओढून बाहेर काढलं.

वास आला. नासलेल्या अंड्यापेक्षा वाईट. आणि त्या वासाच्या आत, अगदी ओळखीचा, तिच्या उशीचा, तिच्या पडद्यांचा दुसरा वास. डांबर आणि मेण.

भिंगरीने पाय हिसकला. भाऊ तिच्या मांडीवर हात फिरवत पुटपुटला, "झालं गं, झालं माझी बाई."

"हे... माझ्या तेलाने झालं?" आत्याने विचारलं. आवाज तिचा नव्हताच तो.

डॉक्टरीणबाई बोलल्या. "तेलाने सडत नाही. घाणीने आणि ओलीने सडतं. पण घाण काढायच्या आधीच वरून जाड तेल थापलं की आत हवा जात नाही. वर मेणाचं झाकण, खाली कुजणं. बाजूची भेग बघा, तेलाखाली दिसतच नव्हती."

"पण तेलाने भेगा भरतात."

"भेग भरत नाही, आत्या. खूर म्हणजे नख. वरच्या केसांच्या कडेपासून तो आतून खाली वाढतो. आलेली भेग हळूहळू खाली सरकते आणि एक दिवस कापली जाते. तुमच्या बोटाच्या नखाला बाहेरून काही लावून ते आतून मजबूत होईल का?"

"मग कशाने होतो मजबूत?"

"चांगला चारा, कोरडी जागा, वेळच्या वेळी कापणं. आणि रोज पाय उचलून साफ करणं."

"आणि माझं तेल?"

आता इथे डॉक्टरीणबाईंना खोटं बोलता आलं असतं. पुष्कळ शहाणी माणसं अशा वेळी बोलतात. "फार कोरड्या दिवसांत, स्वच्छ खुराला, कधीमधी पातळसं लावलं तर बिघडत नाही," त्या म्हणाल्या. "याहून जास्त मला सांगता येणार नाही. चमक येते, हे मी तेव्हाच सांगितलं होतं."

आत्याने डबा खाली ठेवला. मग तिला जो सापडला त्याच्यावर ती वळली.

"काय रे? तू पाय उचलत होतास की नाही?"

मोतद्दार भिंतीला चिकटला. "आत्या, तेल लावलं की झालंच ना पायाचं काम? सगळे असंच करतात. लांबून बघितलं, चारी पाय काळे कुळकुळीत, की घोडा तयार. तुमचे बाबासुद्धा तेच करायचे, माझ्या काकाने बघितलंय."

"बाबा तेच करायचे?" तिने भावाकडे पाहिलं.

भावाने पाय हलकेच खाली सोडला, कंबर सरळ केली, आणि तिच्याकडे न बघता बोलला. "बाबा आधी पाय उचलायचे. आकड्याने खाचा साफ करायचे. नाकाशी नेऊन हुंगायचे. मग हातोडीने टक टक करून कान लावायचे, कुठे पोकळ वाजतं का. फडक्याने कोरडा करायचे. आणि सगळ्यात शेवटी बोटभर तेल, एक हात फिरवून. ते औषध नव्हतं, ताई. खूण होती. पागेत एवढे घोडे, कुठला बघून झाला आणि कुठला राहिला हे लांबून कळावं म्हणून. तेल लावलेला म्हणजे बघून झालेला."

एका कप्प्यातला घोडा गवत चावत होता.

"लोकांनी शेवटचं तेवढं पाहिलं," भाऊ म्हणाला. "शेवटचं तेवढंच उचललं."

"लोकांचं सोड," आत्या म्हणाली. "मला का नाही सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस?"

हे वाक्य भावाने बोलायला नको होतं. ते त्यालाही बोलताक्षणी कळलं.

"विचारायला इथे यावं लागतं!" ती अशी कडाडली की भिंगरी तीन पायांवर मागे सरकली आणि डॉक्टरीणबाईंनी तिचा कासरा धरला. "इथे येऊ दिलंत मला? पोरीची जात, लाथ बसेल, घरी बैस, पातेलं ढवळ! तुझं वय काय होतं तेव्हा? शेंबूड पुसता येत नव्हता, पण तुला घोड्याच्या पोटाखाली बसवलं. गणितात मी तुझ्या पुढे, हात माझा तुझ्याहून स्थिर, आणि मी काय केलं? खूण शिजवली! आयुष्यभर! लोक म्हणाले औषध, मी म्हटलं औषध. मला कुठे माहीत होतं औषध कशाला म्हणतात? रोगच कधी दाखवला नाहीत!"

"ताई..."

"आणि तुला माहीत होतं. नाल मारायला येत होतास ना तू? दर खेपेला बघत होतास ना काय थापतात ते?"

"सांगत होतो यांना. मी येतो दीड-दोन महिन्यांनी एकदा. मधल्या दिवसांत कोण पाय उचलतंय?"

"यांना सांगत होतास. मला?"

भाऊ फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच पुसून झाले होते. "तुला वाईट वाटलं असतं."

"असं! मला वाईट वाटू नये म्हणून घोडीचा पाय नासवला? हिला विचारलंस, तुला वाईट वाटतंय का गं म्हणून?"

माणसं एकमेकांचं मन जपायचं म्हणून जे जे लपवतात, त्याचा भार भलताच कोणीतरी वाहतो. इथे तो एका मुक्या घोडीच्या मागच्या पायाने वाहिला.

पण आत्याचा सगळ्यात मोठा राग भावावर नव्हता. तो ज्याच्यावर होता तो माणूस केव्हाच गेला होता. तुझ्या तेलावर चालतात गावातले घोडे. बापाने लाडाने मारलेली थाप. त्याला वाटलं असेल, पोरगी खूष होतेय, बिघडलं कुठे? मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही याचा तिला त्या क्षणी जेवढा संताप आला, तेवढा तो मेला तेव्हाही आला नव्हता.

ती पदर खोचून भिंगरीच्या मागे गेली. "पाय कसा उचलायचा ते दाखव."

"आज नको. तिला दुखतंय, लाथ बसेल."

"बसू दे! हे वाक्य पुन्हा उच्चारलंस तर आधी तुला बसेल. दाखव."

भावाने दाखवलं. घोडीच्या खांद्याला खांदा लावून मागे सरकायचं, हात पाठीवरून मांडीवर, मांडीवरून खाली न्यायचा म्हणजे तिला कळतं कोण आहे ते. मग घोट्यापाशी दाबायचं आणि थांबायचं. तीच पाय देते. भिंगरीने दिला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा तिने दिला, आणि त्या वजनाने आत्या कळवळली. पाय एवढा जड असतो हेही तिला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी औषधात भिजवलेला कापूस तिच्या हातात दिला आणि तो खाचेत कसा बसवायचा ते सांगितलं. आत्याने तो बसवला. हात खरंच स्थिर होता.

जाताना तिने डबा उचलला. फाटकाशी थांबली, बोटभर तेल काढलं आणि किंचाळणाऱ्या बिजागरीत भरलं. फाटक दोनदा उघडलं, मिटलं. आवाज नाही.

"घ्या," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "लिहून ठेवा. तेल गुणकारी आहे."

त्या हसल्या. आत्या हसली नाही.

पुढचे दिवस पागेला कठीण गेले. आत्या रोज सकाळी येऊ लागली, आणि मोतद्दाराने जोवर प्रत्येक घोड्याचे चारी पाय तिच्यासमोर उचलून, साफ करून, हुंगून दाखवले नाहीत तोवर त्याला चहा बंद. सिमेंटच्या वाटेवर पाणी ओतलेलं दिसलं की ती नळच आवळून टाके. मालकीणबाईंनी एकदा विचारलं, "आत्या, खूर हल्ली फिके दिसतात. पालक विचारतात." तर म्हणाली, "पालकांना म्हणावं, आपापल्या पोरांची नखं बघा." मालकीणबाई गप्प बसल्या, कारण भिंगरी आता चार पायांवर उभी राहत होती. मुलांना पाठीवर घेण्याजोगी ती अजून झाली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, धीर धरा, नवा खूर खालपर्यंत उतरायला वर्ष लागेल. केसांच्या कडेला नव्या खुराची एक अरुंद, कोरी पट्टी दिसायला लागली होती. आत्या ती रोज बोटाने चाचपून बघे.

तेल ती अजूनही करते, पण पूर्वीसारखं नाही. दारात कोणी डबा मागायला आला की विचारते, "घोडा कुठाय?"

"घोडा? पागेत. मला फक्त तेल पाहिजे, आत्या."

"आधी पाय बघेन. मग तेल. पाय चांगला असेल तर तेल लागणार नाही, आणि वाईट असेल तर तेलाने भागणार नाही. आता बोल, देऊ?"

निम्मी गिऱ्हाइकं उलट्या पावली गेली. गेलेल्यांतली काही बाजारातल्या रंगीत झाकणाच्या बाटल्या आणतात, ज्यांच्यावर पळता घोडा छापलेला असतो. आत्या त्या बाटल्यांवरचा मजकूर चष्मा लावून मोठ्याने वाचते आणि शिव्या घालते. पण त्यात एक सूर असाही असतो की, चोरांनो, थाप तरी लाडाने मारायची.

भावाशी मात्र ती कामापुरतंच बोलत होती. एका दुपारी तो तिच्या घरी आला, हातात मिठाईचा पुडा, चेहऱ्यावर लहानपणी काही फोडून आला की असायचा तो भाव. शेगडीपाशी बसला. पुडा पुढे सरकवला.

"ताई, बास की आता. किती दिवस? राग गेला नाही का अजून?"

आत्याने पुड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"वरून काय लावायला आलायस? सांगितलं ना त्या बाईने, आतून वाढत वाढत खाली यावं लागतं, मग एक दिवस कापलं जातं. वर्ष लागेल म्हणाली."

भावाने मान हलवली. मग पुडा उचलून खिशात घातला.

"ठेव तो इथे," आत्या ओरडली. "राग माझा आहे, मिठाईचा काय दोष? आणि उद्या सकाळी पागेत लवकर ये. त्या करड्या घोड्याच्या पुढच्या खुराला हातोडी मारली की पोकळ वाजतंय. मला वाटतं. तू ऐक."